ताईंच्या कार्डावरून कोचीनला

विमानाची खिडकी उघडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या लेकीला, चिमूला, वारा लागावा म्हणून मी ती खिडकीवरची झापड कितीतरी वेळ वर-खाली करत बसले होते, शेवटी शेजारचे आजोबा हसायला लागले. परत आल्यापासून आचऱ्यातल्या बायका रोज येऊन विचारतात, कसं गेलीस, काय खाल्लंस, भीती नाही वाटली? वाटली ना! घरातून निघताना वाटली ती परत घरात येईपर्यंत वाटतच होती. पण मजा पण तेवढीच वाटली, दोन्ही एकदम. बोलताना मला दम लागतो आणि मधलं राहून जातं, म्हणून आता लिहूनच काढते. नववीपर्यंतच शिकलेय, चुका दिसल्या तर पोटात घाला.

आचरा

माझा नवरा प्रशांत जहाजावर मशीनखोलीत काम करतो. चिमू पोटात होती तेव्हा गेला, ती आता भिंत धरून उभी राहते, तरी त्याने तिला फोनवर सोडून कधी बघितलेलं नाही. एकदा त्याचा फोन आला, जहाज कोचीनला लागणार आहे आणि दुपारपासून दिवस मावळेपर्यंत बाहेर जायचा पास मिळणार आहे. त्यानंतर जहाज लांबच्या देशांना जाणार, घरी यायला पुढचे गणपती उजाडणार. तोवर चिमू चालायला लागेल, बोलायला लागेल आणि बापाला बघून अनोळखी माणूस आला म्हणून दाराआड लपेल. तो फोनवर म्हणाला, "तू काय येव नको गो, लांब आसा." पण त्याचा आवाज वेगळंच सांगत होता.

सासूबाई म्हणाल्या, "कोचीन खंय इला? गोव्याच्या फुडे?"

"बराच फुडे, आई."

"मगे ता रवांदे."

पण शुभांगीताईंनी ते राहू दिलं नाही. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, पुण्याला मोठ्या कंपनीत आहेत. त्यांच्याकडे एक क्रेडिट कार्ड आहे, त्यावर काहीही घेतलं की पॉइंट पडतात आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट मिळतं. ताईंना पॉइंटचं असं वेड आहे की गेल्या गणपतीत त्यांनी मखरसुद्धा कार्डावर आणलं. प्रशांत घरखर्चाचे पैसे ताईंच्या खात्यात टाकतो, म्हणून त्यांनी त्या कार्डाला माझं नाव जोडलं. त्याला ॲड-ऑन कार्ड म्हणतात. म्हणजे खातं ताईंचं, बिल ताईंना, पण माझ्या हातात माझ्या नावाचं वेगळं कार्ड. मी किराणा घेतला, चिमूचे डायपर घेतले, की पॉइंट ताईंच्या ढिगात जाऊन पडतात. ते पॉइंट वापरायचे मात्र ताईंनीच, मला ते करता येत नाही.

कार्ड पाकिटातून घरी आलं तेव्हा निळंशार, वर विमानाचं चित्र आणि खाली इंग्रजीत माझं नाव, प्रणाली तारी. मी ते हातात घेऊन नुसती उलटंसुलटं करून बघत होते. सासूबाई लांबूनच बघत होत्या.

"ह्याच्यार तुझा नाव कित्याक? उद्या बँकवालो तुकाच धरतलो."

"ताईंचा पण नाव आसा, आई."

"ता तर पुण्याक. धरूक हय येतलो!"

त्यांचं समाधान होईना, म्हणून आमच्याकडे होतं तेच झालं, देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक बँकेचा कार्ड इला हा, ता घराक लाभांदे, कोणाची वायट नजर लागांदे नको." मागच्या दोनचार माणसांनी "होय म्हाराजा" म्हटलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार! सासूबाईंनी तिथल्या तिथे कार्डाला अंगारा लावला. पुढे ते दुकानातल्या मशीनला लागेना, तेव्हा मला ते पुसून घ्यावं लागलं.

ताईंनी साठवलेल्या पॉइंटमधून माझं गोव्यातल्या मोपा विमानतळावरून कोचीनला जायचं आणि यायचं तिकीट काढलं. चिमू मांडीवर. मी अशी बांधाबांध केली की आमच्या आळीला वाटलं गावपळण आली, म्हणजे सगळा गाव कोंबड्या-भांड्यांसकट वेशीबाहेर राहायला जातो तशी. घावणे, सुक्या सुंगटांची म्हणजे कोलंबीची किसमूर, कुळथाचं पीठ, सोलं म्हणजे आमसुलं, चिमूचं अंथरूण, आणि वर सासूबाईंनी दिलेला कौलाचा नारळ, प्रशांतच्या हातात द्यायला.

सावंतवाडी

आचऱ्याहून एसटीने मालवण, मग कुडाळ, मग सावंतवाडी. तिथे माझी मावशी राहते, तिच्याकडे मुक्काम. मावशीने शिरवाळे केले होते, तांदळाच्या शेवयांसारखे, नारळाच्या गोड रसात बुडवलेले, आणि मी असे खाल्ले की जणू कोचीनला अन्नच मिळत नाही. चिमूने एक शिरवाळा नाकात घातला.

संध्याकाळी तळ्यावर फिरायला गेलो. पाण्यात समोरचा राजवाडा उलटा दिसत होता आणि चिमू त्यालाच टाटा करत होती. बाजारात लाकडी खेळण्यांची दुकानं, रंगाचा वास येतो, मला तो फार आवडतो. एक छोटं जातं आणि पोळपाट-लाटणं घेतलं, कार्ड मशीनवर टेकवलं. मी पिशवीत घालते न घालते तोच फोन वाजला.

"गो प्रणाली, खेळणी घेतलंस?"

हे ताईंचं नेहमीचं. कार्ड टेकवलं की दुकानाच्या नावासकट मेसेज त्यांच्या फोनवर जातो आणि त्या लगेच फोन करतात. चोराच्या भीतीने बँकेच्या मेसेजला त्यांनी वेगळीच घंटा लावून ठेवलीय, बाकी जग मेलं तरी त्यांना ऐकू येणार नाही, पण ती घंटा ऐकू येते. एकदा मी मालवणात मासे आणायची टोपली घेतली तर म्हणाल्या, "टोपलीच घेतलंस, मासे खंय?"

"चिमूक जातां घेतलंय, ताई."

"बरा केलंस. पॉइंट पडले."

मोपा

मावशीचे यजमान, काका, आपल्या जुन्या व्हॅनमधून सकाळी मला मोप्याच्या विमानतळावर घेऊन गेले. रस्ताभर ते सांगत होते की विमान म्हणजे काय, एसटीच, फक्त खड्डे नाहीत. ते स्वतः कधी बसलेले नाहीत.

केवढं मोठं ते! सगळी काच. चिमूने तोंड उघडलं ते मिटलंच नाही आणि मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. दारात बंदूकवाले जवान. त्यांनी माझ्या फोनमधलं तिकीट बघितलं, मग आधार कार्ड बघितलं, परत तिकीट बघितलं.

"ये प्रणाली तारी कौन है?"

"मैं."

"और ये दीपाली कुबल?"

"वो भी मैं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माहेरची मी मिठबावची दीपाली कुबल. लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्याने अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं असतं. प्रशांतने प्रणाली लिहिलं, दोघांचा 'प्र' जुळावा म्हणून सासूबाईंनीच काढलेलं. त्या दिवसापासून मी प्रणाली. घरात प्रणाली, आळीत प्रणाली. पण आधार कार्ड तसंच राहिलं, कोण जातं बदलायला! आणि ताईंनी कार्डावर छापायला जे नाव सांगितलं तेच तिकिटावर घातलं, कारण त्यांना मी दुसरी कोणी होते हे आठवतच नव्हतं. त्यांना काय, मला स्वतःलाही आठवलं नाही.

मी पर्समधून निळं कार्ड काढून दाखवलं. "ये देखो, प्रणाली लिखा है, बँक ने दिया."

"मॅडम, ये नहीं चलेगा." मग त्याने चिमूचा जन्मदाखला बघितला, तिकिटावरचं नाव बघितलं, आणि म्हणाला, "बच्चे का ठीक है. बच्चा जा सकता है. आप नहीं."

काका पुढे झाले. "साहेब, मी हिचो काको. लगनात मी हजर होतंय. ताटातले तांदूळ माझ्या घरचे!"

जवान हसला, पण बाजूला व्हा म्हणाला. मागे रांग लागली होती.

बाहेर विमान कंपनीची खिडकी होती, तिथली मुलगी गोड बोलत होती पण उत्तर गोड नव्हतं. आडनाव बदललेलं असतं तर काहीतरी बघितलं असतं, पण हे सगळंच नाव वेगळं, म्हणजे माणूसच वेगळं. आधारवरच्या नावाने नवीन तिकीट काढावं लागेल. जुनं रद्द करायचं तर ज्यांनी पॉइंटवर काढलं त्यांनीच करायचं. "लवकर करा हां, जागा भराभर भरतायत," ती म्हणाली.

ताईंना फोन लावला, कापला. परत लावला, परत कापला. मग मेसेज आला, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.' मी लिहिलं, 'ताई अर्जंट.' त्या बघतच नव्हत्या. आत लोक बॅगा ढकलत चालले होते. मला दिसत होता प्रशांत, बंदराच्या फाटकाबाहेर दाढी करून उभा. आणि आम्ही सावंतवाडीच्या वाटेवर परत. मी रडायलाच लागले. मी रडते म्हणून चिमू रडायला लागली.

काका म्हणाले, "पाणी पी गो थोडा. माका पण होया."

समोर एक टपरीवजा दुकान होतं. मी पाण्याची बाटली घेतली, सवयीने कार्ड टेकवलं, मशीन टिंग वाजलं, आणि मला एकदम ताईंची ती घंटा आठवली. फोन कापतील, पण बँकेची घंटा नाही कापणार! मी परत बाटली घेतली. टेकवलं. मग चॉकलेट. टेकवलं. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

"परत पाणी द्या."

"ताई, एवढं पाणी आत नेऊ देत नाहीत."

"मला न्यायचं नाहीये हो, तुम्ही द्या!"

या वेळी टेकवलं तर मशीन कुंई असा भलताच आवाज काढून नाही म्हणालं. कार्ड बंद! माझा जीवच गेला. आणि त्याच क्षणी फोन वाजला.

"गो प्रणाली! एकाच दुकानात लागोपाठ तीनदा! कार्ड चोरीक गेला काय? मी बंद केलंय ता, भिया नको!"

"ताई, चोर नाय, मीच ता!" आणि मी एका दमात सगळं सांगितलं, रडत, हुंदके देत, चिमू पण मध्ये ओरडत होती. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई मीटिंगमधून बाहेर आल्या होत्या.

"थांब. आधारवर तुझा नाव काय?"

"दीपाली."

 

"दीपाली? इतका बरा नाव होता गो तुझा. आमी ता बदलला तरी कित्याक?" मग लगेच, "स्पेलिंग सांग. भरभर."

मी आधार कार्ड डोळ्यांसमोर धरून एकेक अक्षर वाचलं, माझं इंग्रजी असं कधी चाललं नव्हतं. ताईंनी माझं कार्ड परत चालू केलं, जुनं तिकीट रद्द केलं, उरलेले पॉइंट खर्चले, कमी पडलं ते कार्डावर घातलं आणि जायचं-यायचं दोन्ही नव्याने काढलं. खिडकीतली मुलगी काचेवर टकटक करून मला अंगठा दाखवत होती, तिला तिच्या कंप्युटरवर दिसलं होतं. काका त्या जवानाकडे जाऊन म्हणाले, "घेवा, आता दीपाली इली!" जवानाने आता चिमूलाच सलाम केला.

आत पिशव्यांच्या तपासणीत नारळ अडला. हातातल्या पिशवीत नारळ नेऊ देत नाहीत, हे पण माहीत करून ठेवा. मी कौल, देव, नवरा असं काहीतरी बडबडले तर तिथली वर्दीतली बाई हळूच म्हणाली, "खंयची गो तू?"

"आचऱ्याची."

"मी शिरोड्याची. दी हय, घराक जाताना देवळात ठेवतंय."

ताईंनी सांगितलं होतं की आत एक लाउंज आहे, आपल्या कार्डावर तिथे हवं तेवढं खायला फुकट. मी त्याची फार वाट बघत होते. पण दारातल्या बाईने कार्ड बघितलं तर प्रणाली, तिकीट बघितलं तर आता दीपाली. तिने नम्रपणे मान हलवली. मी विमानापुरती दीपाली झाले आणि खाण्यापुरती उपाशी राहिले! म्हणून सांगते बायांनो, तुमचं नाव कोणी कार्डाला जोडत असेल तर घरात काय हाक मारतात ते सांगू नका, आधारवर काय लिहिलंय ते सांगा. मग मी काचेबाहेर बसून घावणे खाल्ले. आतला एक माणूस केक खाता खाता माझ्या डब्याकडे बघत होता, खरंच.

विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि उघडले तर खाली समुद्र! आमचाच समुद्र, पण वरून त्याला लाटाच नाहीत, नुसत्या पांढऱ्या सुरकुत्या. होड्या भाताच्या शितांएवढ्या. कान दुखले तेव्हा चिमूला पदराखाली घेतलं, ती पीत पीत झोपली. मी मात्र एक क्षण झोपले नाही. एवढं कुठे रोज बघायला मिळतं!

कोचीन

कोचीनला उतरले आणि वाटलं, हे तर मालवणच, फक्त पाटी वाचता येत नाही. तेच माड, तोच दमट वारा, तोच माशांचा वास. एका खानावळीत जेवले तर पानात उकड्या तांदळाचा भात! जाड, लालसर, अगदी आमच्या घरचा. माशाच्या कढीत आपण कोकम घालतो, तर ते काळी चिंच की काय असं धुरकट आंबट घालतात. मी वाढणाऱ्या बाईला खुणेने विचारलं, तिने आतून ते काळं सुकं फळ आणून माझ्या हातावर ठेवलं. मग मी पिशवीतलं एक सोल काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने चाखलं, डोळे मिटले आणि हसली. भाषा एकमेकींची एक अक्षर कळत नव्हती, तरी मला निघवेना. पण बंदरावर जायचं होतं.

रिक्षात बसले आणि चिमूला घट्ट धरलं. आता भीती विमानाची नव्हती. चिमू हल्ली दाढीमिशीचा कुठलाही नवा माणूस दिसला की किंचाळते. दूधवाल्याला बघून किंचाळते. हिने बापाला बघून तसं केलं तर? एवढा पॉइंटचा, पाण्याच्या बाटल्यांचा खटाटोप करून मी त्याला काय दाखवायला आणलं, तर रडणारं तोंड. आणि तेच घेऊन तो पुढल्या गणपतीपर्यंत जहाजावर बसणार.

फाटकातून तो बाहेर आला. बारीक झाला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत केलेली, मिशीसुद्धा काढलेली. मी फोनवर कधीतरी बोलले असेन, ते त्याने लक्षात ठेवलं होतं. तो जवळ येईना, तीन हात लांबच उभा राहिला.

"हातांक तेलाचो वास येता गो. धुतलंय, तरी येता."

"येवंदे. घे तिका."

मी डोळे मिटले आणि चिमूला पुढे केलं. आवाज नाही. उघडले तर ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, एकटक, भुवया वर करून. मग तिने त्याचं नाक धरलं. तो श्वाससुद्धा घेत नव्हता. थोड्या वेळाने तिने मान त्याच्या खांद्यावर टाकली आणि, काय सांगू, झोपली! सकाळपासून दमलेली, गाढ झोपली.

"उठवू?" मी म्हटलं. "मगे वेळ जातलो."

"नको. निजांदे."

फाटकाजवळ एका मोठ्या झाडाखाली बाक होता, तिथे तो जो बसला तो हललाच नाही. मान अवघडली तरी नाही, मुंगी चावली तरी नाही. एका हाताखाली तिचं डोकं, दुसरा पाठीवर. मी डबा उघडला, किसमूर बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, पण हात मोकळा कुठे होता?

घरी सासूबाईंसमोर मी त्याच्या पानात भातसुद्धा खाली बघून वाढते. तिथे मी घावण्याचा तुकडा केला, किसमूर घेतली आणि त्याच्या तोंडात घातली. रस्त्यावर, भर उजेडात! जहाजावरची दोन माणसं जाता जाता शिट्टी मारून गेली. तो लाजला, पण तोंड परत उघडलं.

"तिखट झाला काय?"

"नाय गो. घराची आठवण लागली नाकाक." आणि डोळे पुसायलाही हात नव्हता, ते पण मीच पुसले.

मी त्याला सगळं सांगितलं, नावाचा घोटाळा, काकांचे तांदूळ, कुंई करणारं मशीन. तो हसायचा तर पोट दाबून, आवाज न करता, चिमू उठेल म्हणून. "मगे आता तुका काय म्हणू? दीपाली?"

"तुका काय म्हणूचा ता म्हण. आधार मात्र माका बदलून घेवचा आसा, परत गेल्यार पहिला काम ताच."

ऊन उतरलं, माडांच्या सावल्या लांब झाल्या, त्याला जायची वेळ झाली. एवढ्या लांब येऊन पोरीने बापाला डोळे उघडून नीट बघितलं ते नाक धरण्यापुरतं. मला वाईट वाटत होतं, पण त्याला वाटत नव्हतं. त्याने हळूच तिला माझ्याकडे दिलं. तिच्या अंगाखालची त्याची ऊब गेली आणि ती जागी झाली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, त्याला उभा राहिलेला बघितलं, आणि दोन्ही हात त्याच्याकडे पसरून तिने असा टाहो फोडला की फाटकावरचे लोक वळून बघायला लागले.

मी तिला थोपटू लागले. पण प्रशांतचं तोंड बघितलं तर तो हसत होता, डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

"रडता गो! बघ, माझ्यासाठी रडता!"

तो मागे वळून वळून बघत फाटकातून आत गेला. मी थोपटायचं थांबवलं. म्हटलं रड बाय, जोरात रड. तो दिसतोय तोवर त्याला ऐकू जाऊ दे.